लायसन्स 'काढणे' आणि मिळवणे

मराठीत वाहन चालवण्याचे लायसन्स 'काढतात'. तिकीट काढतात, सातबाराचा उतारा काढतात आणि बँकेच्या मंडळींना अधिक जवळचे उदाहरण द्यायचे तर कर्ज काढतात. या सर्व क्रियांत एक गृहीत समान आहे. वस्तू कोठेतरी तयार आहे; खिडकीपाशी जायचे, कागद व पैसे पुढे करायचे आणि ती बाहेर काढून घ्यायची. परीक्षा मात्र कोणी काढत नाही, ती देतात. पोहणे कोणी काढत नाही, ते शिकतात. वाहन परवान्याची नोंद आपल्या समाजाने कोणत्या रकान्यात केली आहे, हे भाषेच्या या एका सवयीवरून ध्यानात यावे. किशोरवयीन मुलामुलींचा पहिला परवाना दुसऱ्या रकान्यात जायला हवा आणि तो तेथे नेण्याची मुख्य जबाबदारी परिवहन कार्यालयापेक्षा घराची आहे, असे माझे मत आहे.

हे मत भिलाईच्या संदर्भात मांडण्यास कारण आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली. त्या कारखान्यासाठी वसवलेल्या नगराचे रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर यांत देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे स्थिरावली. त्यांत मराठी कुटुंबेही आली. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडाशी आपले नाते आहेच. पाळीची वेळ झाली की सायकलींचा लोंढा कारखान्याकडे निघे, त्या पिढीची नातवंडे आज दहावी-बारावीत आहेत आणि त्यांना सायकल नको आहे.

का नको, हे समजण्यासारखे आहे. भिलाईचे नाव आज पोलादाइतकेच अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी घेतले जाते. शाळा एका सेक्टरमध्ये, शिकवणी दुसऱ्या टोकाला. मध्ये ग्रेट ईस्टर्न रोड, म्हणजे सुपेला आणि पॉवर हाऊसची गर्दी व मालमोटारींची रांग. सायंकाळचा वर्ग सुटेपर्यंत अंधार पडलेला. अशा स्थितीत दहावीचा निकाल चांगला लागला की दारात नवी गिअर नसलेली स्कूटर उभी राहते. ती बक्षीस म्हणून येते, सोय म्हणूनही येते. मुलगी असेल तर "रिक्षापेक्षा हे सुरक्षित" असा युक्तिवाद असतो आणि तो अगदीच निराधार नाही. मात्र त्या स्कूटरचे इंजिन साधारण ११० घनसेंटिमीटरचे असते व चालवणाऱ्याचे वय सोळा. तिच्या 'सीजी ०७' या दुर्गच्या क्रमांकपट्टीइतकीच ही गोष्टही सर्वांना दिसत असते.

याच नगरातील वडील पहाटे कारखान्यात जातात तेव्हा तेथे निराळा न्याय चालतो. शिक्षण आणि अधिकारपत्र नसलेल्या माणसाला तेथे क्रेनच्या कक्षात बसू देत नाहीत; डोक्यावर संरक्षक टोपी नसेल तर भट्टीजवळ फिरकू देत नाहीत. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे तेविसावे कलम तर नेमके तरुणांसाठीच होते: धोकादायक यंत्रावर अठरा वर्षांखालील व्यक्तीला काम करू द्यायचे असेल तर त्या यंत्राचे धोके तिला पूर्णपणे समजावून दिलेले असावेत, आणि एक तर तिला पुरेसे प्रशिक्षण मिळालेले असावे किंवा जाणकाराची देखरेख असावी. हे सारे ज्याने वर्षानुवर्षे पाळले, इतकेच नव्हे तर नव्या उमेदवारांकडून पाळून घेतले, तोच गृहस्थ दुपारी घरी येऊन कोवळ्या वयाच्या मुलाच्या हाती एक धोकादायक यंत्र देतो आणि सांगतो, "हळू चालव." धोके समजावणे, प्रशिक्षण आणि देखरेख या तिन्हींचे काम या दोन शब्दांवर भागवले जाते.

कायदा काय म्हणतो हे पाहू. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने वाहन चालवण्याचे किमान वय अठरा ठेवले. याच वर्षी संसदेने मतदानाचे वयही एकविसावरून अठरावर आणले, हा योगायोग लक्षणीय आहे. परंतु त्याच अधिनियमात एक छोटी पायरी आहे: इंजिनाची क्षमता ५० घनसेंटिमीटरपेक्षा अधिक नसलेली दुचाकी सोळाव्या वर्षापासून चालवता येते. अठरा वर्षांखालील अर्जदाराला असा शिकाऊ परवाना द्यायचा तर पालकाची लेखी संमती आवश्यक. ही पायरी कल्पिली गेली तेव्हा तिच्यावर उभे राहण्यासारखे वाहन घरोघरी होते. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेली लुना बरोबर ५० घनसेंटिमीटरची होती. महाविद्यालयीन मुली, शिक्षिका, टपालवाले, किरकोळ विक्रेते अशा कितीतरी जणांची ती पहिली गाडी. पायडल मारून सुरू होणारी, चढाला दमणारी ती गाडी नवशिक्याला फार घाई करूच देत नसे. आज त्या क्षमतेची पेट्रोलवर चालणारी दुचाकी दुकानात शोधून सापडणे कठीण. म्हणजे कायद्यात पायरी आहे आणि जिन्यात नाही. सोळा ते अठरा ही दोन वर्षे अशी अधांतरी राहिली आणि ती पोकळी ११० घनसेंटिमीटरने भरून काढली.

ही पायरी नव्याने बांधायला हवी, असे मी आग्रहाने म्हणेन. इंजिनाच्या घनमापाऐवजी आता वेगाचे माप लावावे. विजेवर चालणाऱ्या दुचाकींपैकी ज्यांची शक्ती पाव किलोवॉटहून कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असतो, त्यांना विहित वजनाच्या मर्यादेत आपले नियम मोटार वाहन मानतच नाहीत; त्यांना परवाना लागत नाही. सोळाव्या वर्षी सेक्टरमधील रस्त्यांवर हे वाहन पुष्कळ झाले. अर्थात विकत घेण्यापूर्वी वाहन खरोखर त्या मर्यादेत आहे याची कागदोपत्री खात्री करावी, कारण दिसायला सारख्या असणाऱ्या अनेक विद्युत स्कूटर त्या मर्यादेबाहेर असतात व त्यांना परवाना, नोंदणी, विमा सर्व काही लागते. न्यूझीलंडने १९८७ मध्येच पायरीपायरीने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. तेथे नवशिक्याला आरंभी रात्री एकट्याने वाहन चालवता येत नाही, सोबत मित्रांना बसवता येत नाही; अनुभव वाढेल तशी बंधने सैल होतात. एकदम संपूर्ण बंदी आणि मग एकदम संपूर्ण मुभा, या आपल्या रीतीपेक्षा ही रीत मनुष्यस्वभावाला धरून आहे.

बँकेला ही रीत परकी नाही. जुन्या दस्तऐवजांत अल्पवयीन व्यक्तीच्या नावापुढे 'अ. पा. क.' ही अक्षरे येत. अज्ञान, पालनकर्ता अमुक. त्या अज्ञान बालकालाही बँक दहाव्या वर्षानंतर स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू देते. रकमेची मर्यादा बँक आपल्या धोरणानुसार ठरवते, आणि एक अट अशी की खाते कधीही उणे जाता कामा नये. शिल्लक आहे तेवढेच काढायचे. उधारीचा व्यवहार नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली की नव्याने नमुना सही घेतली जाते व पालकाचा अधिकार संपतो. विश्वास असा टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो, हे आपण शेपाचशे रुपयांच्या बाबतीत बिनचूक पाळतो.

पालकाच्या लेखी संमतीचेही असेच. बँकेत जामीनदार सही करतो तेव्हा, निदान शहाणा जामीनदार, कर्जदाराची ऐपत आणि सवयी पाहून करतो. परवान्याच्या अर्जावर सही करताना, किंवा सही न करताच मुकाट्याने किल्ली देताना, आपणही जामीन राहत असतो. २०१९ च्या दुरुस्तीने ही गोष्ट कायद्यातच लिहून ठेवली. अल्पवयीनाने मोटार वाहन कायद्याखालील गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. वापर पालकाच्या संमतीनेच झाला असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेपूर काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर पडतो. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ अथवा पक्का कोणताही परवाना मिळत नाही. महाविद्यालयाची सर्व वर्षे व पहिली नोकरी या काळात मोडते. ज्याच्याकडे त्या वाहनाचा वैध परवाना आहे, त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला हे कलम लागू नाही, हेही सांगायला हवे.

विम्याची बाजू याहून कमी ठाऊक असते. वाहनाचा विमा उतरवलेला आहे म्हणून अनेक जण निश्चिंत असतात. तथापि परवाना नसलेल्याच्या हाती वाहन देणे हा विमा कराराचा भंग ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मधील एका महत्त्वाच्या निकालात याविषयीची तत्त्वे स्पष्ट केली: अपघातग्रस्ताला भरपाई मिळावी म्हणून विमा कंपनीला आधी रक्कम चुकती करावी लागू शकते, पण मालकाच्या बाजूने अटीचा भंग झाल्याचे सिद्ध झाल्यास ती रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. २०११ मध्ये त्याच न्यायालयासमोर एक प्रकरण आले. नात्यातील अल्पवयीन मुलाने न विचारता मोटारसायकलची किल्ली उचलली, वाहन नेले आणि अपघातात एकाचा मृत्यू झाला. आपण परवानगी दिलीच नव्हती, हे मालकाचे म्हणणे टिकले नाही. आपल्या वाहनाचा, विशेषतः विनापरवाना अल्पवयीनाकडून, गैरवापर होऊ नये याची दक्षता मालकाने घ्यायला हवी होती, असे ठरले व भरपाईची रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याची मुभा विमा कंपनीला मिळाली. खुंटीवर टांगलेली किल्ली अशी एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत घेऊन जाऊ शकते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप. त्याला आरंभी जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती आणि देशभर चर्चा त्या निबंधाची झाली. किल्लीची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

आता प्रत्यक्ष परवान्याकडे वळतो. शिकाऊ परवान्याचा अर्ज आज संगणकावरून भरता येतो. त्यासाठीच्या चाचणीत चार गोष्टींचे ज्ञान तपासावे असे केंद्रीय नियम सांगतात: वाहतुकीची चिन्हे व नियम, अपघातात कोणी दगावले, जखमी झाले किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर चालकाची कर्तव्ये, मानवरहित रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी, आणि सोबत बाळगायची कागदपत्रे. यांतील दुसरा विषय वाचून किती मुले थांबत असतील? सोळा-अठराच्या वयात, वाहन हाती येण्याच्या आधीच, 'तुझ्यामुळे कोणी जखमी झाले तर तू काय करशील' असा प्रश्न शासन विचारते. त्याचे उत्तर पळून जाणे हे नाही. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांना कळवणे हे आहे. हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर वडिलांनी विचारावा अशा योग्यतेचा आहे. पण ज्या गावात प्रवेश परीक्षेसाठी दोन-दोन वर्षे सराव प्रश्नपत्रिका सोडवल्या जातात, त्याच गावात या चाचणीची उत्तरे शेजारी बसलेला दुसराच कोणीतरी दाबून देतो आणि त्याचे कोणाला वैषम्य वाटत नाही.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. पक्क्या परवान्याची चाचणी तो मिळाल्यापासून किमान तीस दिवसांनी देता येते. या काळात वाहनावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबडे 'एल' हे अक्षर असावे आणि शिकवणारा परवानाधारक सोबत असावा, असा नियम आहे. दुचाकीवर शिकवणाऱ्याखेरीज अन्य कोणाला बसवता येत नाही. तीस दिवस ही अडवणूक नव्हे, ती शिकण्याची मुदत आहे. पण आपल्याकडे ते दिवस पक्क्या परवान्याची वाट पाहण्यात जातात आणि तांबडे अक्षर लावण्याची तर मुलांना लाज वाटते. वास्तविक ते अक्षर समोरच्याला सांगत असते की, जरा सांभाळून घ्या. चाचणीत वाहन सुरू करणे, सरळ व वळणावर नेणे, दुसऱ्याला ओलांडणे, इशारे देणे, आणीबाणीत थांबवणे अशा गोष्टी पाहिल्या जाव्यात असे नियमांत आहे. मैदानावर आठाचा आकडा काढता येणे म्हणजे पॉवर हाऊसच्या गर्दीत वाहन चालवता येणे नव्हे. मोटार शिकणाऱ्यांसाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना १ जुलै २०२१ पासून अमलात आली. तेथील हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम एकोणतीस तासांचा व चार आठवड्यांपर्यंतचा आहे आणि तो उत्तीर्ण होणाऱ्यास कार्यालयातील चाचणीतून सूट मिळते. एकोणतीस तास! चार सकाळी मैदानात फिरवून 'आली गाडी' म्हणणाऱ्या काकांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

मध्यस्थाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. कार्यालयाबाहेर झाडाखाली बसलेला इसम सर्व शहरांत असतो आणि त्याच्याकडे जाणारे सारे अप्रामाणिक असतात असेही नाही. बहुतेकांना फक्त वेळ वाचवायचा असतो. तथापि अठरा वर्षांच्या मुलाचा शासनाशी येणारा हा बहुधा पहिलाच स्वतंत्र व्यवहार. अर्ज स्वतः भरणे, रांगेत उभे राहणे, नापास झाल्यास पुन्हा जाणे, हे सारे त्याने करावे. सरकारी शुल्क काहीशे रुपयांचे आहे. त्यावर जास्तीचे पैसे देऊन आपण मुलाला परवान्यासोबत आणखी काय शिकवतो, याचा हिशेब कोणत्याच पावतीवर येत नाही. तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबावे लागते, थांबावे. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांनी १,६८,४९१ माणसे नेली. त्या आकड्यापुढे साठ दिवस फार नव्हेत.

कर्ज विभागातील सहकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. दुचाकीसाठी कर्ज मागणाऱ्या गृहस्थाला आपण उत्पन्नाचा दाखला विचारतो. "गाडी चालवणार कोण?" हा प्रश्न नियमावलीत नसला तरी बोलण्याच्या ओघात विचारण्यास हरकत नाही. उत्तर "मुलगा, अकरावीत आहे" असे आले तर वर सांगितलेला विम्याचा निकाल त्यांना सांगावा. तारण ठेवलेल्या वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द झाली तरी हप्ते थांबत नाहीत, हेही सांगावे. कर्ज नाकारण्याचा येथे प्रश्न नाही. हप्ता भरणाऱ्याला धोका ठाऊक असावा, एवढाच हेतू.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि भिलाईत तो खरोखरीचा आहे. येथील मुले बारावीनंतर गाव सोडतात. कोणी रायपूरला, कोणी नागपूर-पुण्याला. बारावीच्या वर्षी अभ्यासामुळे परवान्याला हात लावत नाहीत आणि प्रवेश निश्चित झाला की निघण्याआधीच्या पंधरा दिवसांत तो 'काढून' घेण्याची धावपळ सुरू होते. तीस दिवसांची अट पंधरा दिवसांत बसत नाही, मग झाडाखालचा इसम आठवतो. यावर उपाय दिनदर्शिकेत आहे. अठरावा वाढदिवस होऊन गेला असेल तर प्रवेश परीक्षा आटोपताच त्याच आठवड्यात शिकाऊ परवान्याचा अर्ज करावा. दुरुस्त कायद्यानुसार आपण राहतो त्या राज्यातील कोणत्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो आणि परवाना सर्व देशभर चालतो, तेव्हा तो पुण्यात नव्याने घ्यावा लागत नाही. पुढचा दीड-दोन महिन्यांचा काळ सरावाचा. मे महिन्याच्या उन्हात दुपारी कोणी बाहेर पडत नाही, पण पहाट मोकळी असते. पहिली पाळी सहाला लागते. तिची वर्दळ ओसरली की सेंट्रल ॲव्हेन्यू आणि फॉरेस्ट ॲव्हेन्यूवर तासभर रस्ता जवळजवळ रिकामा मिळतो. पहिले दोन आठवडे तेथे, डोक्यावर पट्टा आवळलेले हेल्मेट, पाठीमागे परवाना असलेली आई किंवा वडील. मग आतल्या सेक्टरमधील चौक, मग सिव्हिक सेंटरचा बाजार, आणि ग्रेट ईस्टर्न रोड सर्वांत शेवटी, तोही प्रथम रविवारी सकाळी.